मातीची खातेवही आणि मातीचा छेद

1840 च्या दशकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं एक पेटंट खत इंग्लंडच्या बाजारात आलं आणि सपशेल आपटलं. त्यातले घटक बरोबर होते: स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), चुना. पण विरघळणारे क्षार पहिल्याच पावसात वाहून जातील, या भीतीने लीबिगने सगळं मिश्रण भट्टीत वितळवून न विरघळणारं करून टाकलं होतं. पावसाला ते नेता आलं नाही हे खरं, पण मुळांनाही घेता आलं नाही.

मुळात ही भीतीच फोल होती. यॉर्कशरमधले एक जमीनदार, एच. एस. थॉम्पसन, यांनी त्याच सुमारास मातीने भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचं द्रावण सोडून पाहिलं. खाली उतरलेल्या पाण्यात अमोनियम फारसं आलंच नाही. आलं ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीने अमोनियम ठेवून घेतलं आणि बदल्यात स्वतःजवळचं कॅल्शियम सोडलं. जे. थॉमस वे यांनी 1850 नंतरच्या दोन-तीन वर्षांत हेच प्रयोग पद्धतशीरपणे केले आणि ही देवघेव मुख्यतः मातीतला चिकणमातीचा अंश करतो हे दाखवलं. लीबिगने आधी वाद घातला, पुढे मान्य केलं. मृदाशास्त्राचा इतिहास सांगताना मी इथून सुरुवात करतो, कारण त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या रसायनतज्ज्ञाला पीक कळलं होतं, क्षार कळले होते, आणि या दोहोंच्या मध्ये असलेली माती मात्र त्याने हिशेबात धरली नव्हती.

लीबिगवर अन्याय नको. त्याच्या आधी आल्ब्रेख्त थेअरसारखे शेतीतज्ज्ञ मानत की वनस्पती जमिनीतल्या कुजलेल्या पदार्थावर, ह्यूमसवर, पोसली जाते. त्याच्याही आधी, 1648 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फान हेल्मोंटच्या प्रयोगात, 200 पौंड मातीत लावलेलं विलोचं रोप पाच वर्षांत 5 पौंडांवरून 169 पौंडांवर गेलं, मातीत घट आली ती जेमतेम 2 औंसांची. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं. ते 2 औंस किती महत्त्वाचे होते, हे लीबिगच्या 1840 च्या पुस्तकाने जगाच्या गळी उतरवलं. पीक जमिनीतून खनिजं उचलतं, ती परत घालावी लागतात, आणि सर्वांत तुटीचा घटक उत्पादनाची मर्यादा ठरवतो. (हा शेवटचा नियम कार्ल श्प्रेंगेलने आधीच मांडला होता, नाव मात्र लीबिगचं झालं.) इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी 1843 मध्ये ब्रॉडबाल्क शेतावर गव्हाचा जो प्रयोग लावला, तो याच प्रश्नांवर होता आणि आजही चालू आहे.

जमिनीकडे खातेवहीसारखं बघण्याची सवय इथे लागली. जमा किती, खर्च किती, तूट कशाने भरायची. 1913 मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याचा कारखाना जर्मनीत ओपाऊला सुरू झाला तेव्हा तूट भरणं इतकं सोपं झालं की पुढची कित्येक दशकं बहुतेकांना दुसरा प्रश्न पडलाच नाही.

दुसरा प्रश्न रशियात पडला, तोही एका दुष्काळामुळे. 1873 आणि 1875 मध्ये गवताळ स्टेप प्रदेशातली पिकं गेली. देशातली सर्वांत सुपीक काळी जमीन, चेर्नोझेम, एवढी लहरी का, याचा अभ्यास करायचं काम वसिली दोकुचायेव या भूगर्भतज्ज्ञाकडे आलं. 1877 आणि 1878 असे दोन उन्हाळे तो हिंडला आणि जागोजागी खड्डे घेत गेला. ही काळी माती आली कुठून यावर तेव्हा निरनिराळी मतं होती: कुणी म्हणे समुद्राचा जुना गाळ, कुणी म्हणे आटलेली दलदल. दोकुचायेवने उभा छेद वाचला.

असा छेद समोर असला की त्याचं म्हणणं लगेच पटतं. वर काळा थर, कधी कधी जवळजवळ मीटरभर जाडीचा, गवताच्या बारीक मुळ्यांनी विणलेला. बोटांत दाबला की त्याचे टपोरे दाणे सुटतात. खाली रंग हळूहळू तपकिरी होत जातो, कुठेही रेघ मारल्यासारखी हद्द नाही. त्याखाली चुन्याचे पांढरे तंतू आणि ठिपके: पावसाचं पाणी जिथवर पोचतं आणि थांबतं तिथे ते साचलेले. तळाशी वाऱ्याने आणलेली पिवळसर लोएस माती. आणि या पिवळ्या थरात मधूनच काळे गोल डाग, तर काळ्या थरात पिवळे. ही स्टेपमधल्या बिळं करणाऱ्या प्राण्यांची बुजलेली बिळं. वरची माती खाली आणि खालची वर नेल्याची खूण. समुद्राच्या गाळात असं काही घडत नाही. गवत, कोरडं हवामान, लोएस, सपाट भूभाग आणि हजारो वर्षं, एवढ्या सगळ्यांनी मिळून ही माती घडवली होती.

1883 च्या प्रबंधात दोकुचायेवने हेच सर्वसाधारण सूत्र म्हणून मांडलं. मूळ खडक, हवामान, सजीव, भूरूप आणि काळ, या पाच गोष्टींतून माती घडते; म्हणून ती खडकाचा नुसता भुगा नाही, तर खनिज, वनस्पती, प्राणी यांच्यासारखी निसर्गातली स्वतंत्र वस्तू आहे. तिला जन्म आहे, वय आहे. थरांना अ, ब, क अशी नावं देण्याची पद्धतही त्याचीच. हे सगळं नुसतं तत्त्वज्ञान राहिलं नाही. 1882 पासून निझ्नी नोवगोरोद प्रांतात शेतसारा ठरवण्यासाठी जमिनींची जी पाहणी झाली ती त्याच्याच देखरेखीखाली, आणि 1891 च्या भयानक दुष्काळानंतर त्याने कामेन्नाया स्टेपमध्ये झाडांचे पट्टे, तळी, ओहोळांचा बंदोबस्त असा आराखडा प्रत्यक्ष जमिनीवर उतरवला. त्यातले काही वृक्षपट्टे अजून उभे आहेत.

याच काळात मातीतल्या जिवंत भागाकडे निरनिराळे लोक आपापल्या वाटेने पोचत होते. डार्विनने 1842 मध्ये घराजवळच्या एका शेतात खडूचा चुरा पसरला आणि 29 वर्षांनी तिथे चर खणला. पांढरी रेघ 7 इंच खाली गेली होती, गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली. डेन्मार्कचा वनतज्ज्ञ पी. ई. म्युलर याने 1870 च्या दशकाअखेरीस दाखवलं की बीच नावाच्या झाडांच्या जंगलात पालापाचोळा दोन रीतींनी कुजतो: जिथे गांडुळं आहेत तिथे तो मातीत मिसळून मऊ काळी माती होते, जिथे नाहीत तिथे वरच आंबट, चिवट थर साचतो आणि नवी रोपं धरत नाहीत. 1885 मध्ये आल्बर्ट फ्रांक यांनी झाडांची मुळं आणि बुरशी यांची भागीदारी वर्णन केली (त्यांना काम दिलं होतं ट्रफल नावाची महागडी बुरशी लावता येते का ते बघण्याचं). मग द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी, नत्र पकडणारे जिवाणू, अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू असे शोध 1890 पर्यंत एकामागून एक लागले. परिसरशास्त्र म्हणून ज्याची पुढे ओळख झाली त्याचा अर्धा पाया मातीत घातला गेला होता. गंमत म्हणजे परिसरशास्त्राची पुस्तकं नंतर बराच काळ माती या विषयाला एका प्रकरणात गुंडाळत राहिली.

अमेरिकेत ही रशियन दृष्टी उशिरा पोचली. दोकुचायेवचा शिष्य ग्लिंका याचं जर्मन पुस्तक 1914 मध्ये आलं. कर्टिस मार्बट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला तो 1927 मध्ये. तोवर तिथल्या सरकारी मृदा विभागाचा प्रमुख मिल्टन व्हिटनी याने 1909 च्या अधिकृत अहवालात लिहून ठेवलं होतं की माती ही राष्ट्राची न संपणारी, नष्ट न होणारी संपत्ती आहे. खात्यातल्याच ह्यू बेनेट या तरुण सर्वेक्षकाला हे वाक्य आयुष्यभर सललं. कारण 1905 मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या लुइझा परगण्यात त्याने शेजारी शेजारी दोन तुकडे पाहिले होते. उतार तोच, खडक तोच. जंगलातली माती ओलसर, भुसभुशीत, हाताने उकरता येईल अशी; शेजारच्या शेतातली कडक चिकण, जवळपास दगड. शेतात ओहोळ पडलेला नव्हता, घळ नव्हती. वरचा थर पावसागणिक पापुद्र्यासारखा सारखेपणाने निघून गेला होता आणि मालकाला पत्ताच नव्हता.

अशी सपाट धूप डोळ्यांत भरत नाही, म्हणून तिच्यावर धोरण होत नाही. धोरण झालं ते माती हवेत दिसायला लागल्यावर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाला भाव होता, ट्रॅक्टर आले होते. दक्षिण मैदानांतलं गवत उलटून टाकलं गेलं. 1930 च्या दशकात ओळीने कोरडी वर्षं आली आणि माती धरून ठेवायला मुळंच उरली नव्हती. मे 1934 च्या वादळाची धूळ अटलांटिक किनाऱ्यापलीकडे गेली. पुढच्या वसंतात बेनेट संसदेच्या समितीपुढे साक्ष देत असताना अशाच एका वादळाची वाट बघत बोलणं लांबवत राहिला, असं सांगितलं जातं. किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण मृदासंधारणाचा कायदा 27 एप्रिल 1935 ला झाला हे नक्की. समपातळीवर नांगरट, पट्टापेर, बांधबंदिस्ती, धसकटं न काढणं या गोष्टी त्यातून सरकारी कार्यक्रमात आल्या. जमिनीची आठ वर्गांत विभागणी करण्याची पद्धतही याच परंपरेतली: पहिले चार वर्ग नांगराखाली आणण्याजोगे, पुढचे चार कुरण, जंगल किंवा तसेच सोडण्यासाठी. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी पाळला गेलेला भाग आहे. कुठल्या जमिनीवर काय करू नये, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

शहाणपण सीमा ओलांडून जात नाही, आणि कधी कधी घरातही टिकत नाही. 1954 पासून सोव्हिएत सरकारने कझाकस्तान आणि सायबेरियातली कोट्यवधी हेक्टर पडीक स्टेप नांगरली. दोकुचायेवचा पुतळा उभारणाऱ्या देशात 1960 च्या दशकारंभी मातीची वादळं उठली, आणि मग अलेक्सांद्र बरायेव यांना माती न उलटता, धसकटं वर ठेवून मशागत करण्याची पद्धत तिथे रुजवावी लागली.

अभ्यासाच्या बाजूने सर्वांत सुरेख काम हान्स येनी यांचं. मूळचे स्विस, पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक. 1941 च्या पुस्तकात त्यांनी दोकुचायेवच्या पाच घटकांचं समीकरण मांडलं आणि सुचवलं की चार घटक सारखे आणि एकच वेगळा असलेल्या जागा शोधा. अशी एक जागा त्यांना कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो किनाऱ्यावर सापडली. समुद्रातून टप्प्याटप्प्याने वर आलेल्या पायऱ्या, प्रत्येक साधारण 30 मीटर उंच आणि खालचीपेक्षा सुमारे 1 लाख वर्षांनी म्हातारी. पाऊस तोच, खडकही जवळपास तोच. खालच्या, तरुण भागात उंच झाडांची दाट जंगलं. वरच्या पायऱ्यांवर शंभरी गाठलेले पाइन आणि सायप्रस माणसाच्या खांद्याएवढे. तिथल्या मातीतून पोषकद्रव्यं लाखो वर्षांत धुपून खाली गेलेली, वरचा थर राखेसारखा पांढरा आणि आम्ल, त्याखाली लोहाने जखडलेला कठीण पट्टा. जंगल आपोआप समृद्धीच्या दिशेनेच जातं, या परिसरशास्त्रातल्या जुन्या समजुतीला हे उत्तर होतं. माती म्हातारी झाली की जंगलही खुजं होतं.

आजचा वाद कार्बनचा आहे. मातीच्या वरच्या एक मीटरमध्ये अंदाजे 1500 अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे वातावरण आणि वनस्पती यांच्या एकत्रित साठ्याहून अधिक. 2015 च्या पॅरिस परिषदेत हा साठा दरवर्षी हजारी चारने वाढवण्याचा उपक्रम जाहीर झाला. त्याच वर्षी योहानेस लेमान आणि मार्कुस क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी मांडलं की ह्यूमस म्हणून ज्या काळ्या, टिकाऊ पदार्थाबद्दल आपण दोनशे वर्षं बोलतो तो बराचसा प्रयोगशाळेत अल्कलीने काढताना तयार होणारा प्रकार आहे. मातीत प्रत्यक्षात असतात ते कुजण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे तुकडे. ते टिकतात ते चिकणमातीच्या कणांना चिकटल्यामुळे किंवा ढेकळांच्या आत जिवाणूंच्या हाती न लागल्यामुळे. हे मत सगळ्यांना मान्य नाही. पण ते बरोबर असेल तर साठा किती वाढेल हे घातलेल्या शेणखतापेक्षा मातीची जडणघडण ठरवते, आणि ती घडण नांगराने मोडते.

इथे खातेवही पुन्हा उघडली गेली आहे, या वेळी कार्बनच्या नावाने. नांगरट बंद केली की कार्बन वाढतो असं अनेक चाचण्यांत दिसलं, पण त्यातल्या बऱ्याच चाचण्यांनी नमुने वरच्या 30 सेंटीमीटरपर्यंतच घेतले होते. आणखी खोल गेल्यावर काही ठिकाणी चित्र बदललं: नांगरलेल्या शेतात कार्बन खालच्या थरात गाडला गेलेला, न नांगरलेल्यात तो वर जमलेला, आणि एकूण बेरीज जवळपास सारखी. धूप थांबणं, पाणी मुरणं हे न नांगरण्याचे फायदे त्याने खोटे ठरत नाहीत. पण हवामानाच्या हिशेबात अशा जमिनीच्या नावावर किती कार्बन लिहायचा, हे सांगायला मीटरभर खड्डा घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च कुणी करायचा हे बहुतेक योजनांत अजून ठरलेलं नाही.