विनॉक्सी जीवाणुतज्ज्ञ

ऑक्सिजन सहन न होणाऱ्या जीवाणूंचा, विशेषतः माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंचा, रुग्णाच्या आजाराच्या अंगाने अभ्यास करणारा वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेच्या बोलीत या जीवाणूंना ‘ॲनारोब’ म्हणतात. शाखा छोटी आहे आणि तिला पूर्ण वेळ वाहून घेणारे थोडेच. बहुतेक जण रुग्णालयातल्या लघवी, रक्त, थुंकीच्या नमुन्यांच्या रोजच्या रगाड्यातून तिच्याकडे वळतात. कोणी वैद्यकाची पदवी घेऊन सूक्ष्मजीवशास्त्रात विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, कोणी जीवशास्त्राकडून पीएच.डी. करून आलेला. पहिल्याकडे अहवालाचा अर्थ लावून उपचार सुचवण्याची जबाबदारी अधिक असते, दुसऱ्याकडे संशोधनाची. पण ही सीमारेषा कागदावरच ठळक आहे. संवर्धनाचे, म्हणजे जीवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे, तंत्र मात्र दोघांनाही पुस्तकातून फारसे येत नाही. ते जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, हाताने करूनच शिकावे लागते.

या कामाचा निकाल बऱ्याचदा नमुना प्रयोगशाळेत पोचण्यापूर्वीच लागलेला असतो. गळू फोडून त्यातला पू स्वॅबवर टिपला आणि तो स्वॅब कोरड्या नळीत तासभर पडून राहिला, तर आतले नाजूक जीवाणू तोवर मेलेले असतात. पू सिरिंजने ओढून घ्यावा, सिरिंजमधली हवा काढावी आणि तो ताबडतोब हवाबंद वाहक माध्यमात सोडावा. नमुना फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण थंड द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो. वाहक माध्यमात रेझाझुरिन नावाचे रंगद्रव्य घातलेले असते. ते गुलाबी झाले की हवा आत शिरली असे समजावे. तोंडातला, घशातला किंवा विष्ठेचा नमुना सहसा या तपासणीसाठी स्वीकारत नाहीत, कारण तिथे हे जीवाणू एरवीही असतातच. शल्यचिकित्सकाला फोन करून ‘नमुना पुन्हा पाठवा’ असे सांगणे हा या नोकरीतला सर्वांत अप्रिय भाग आहे, आणि बहुधा सर्वांत उपयोगी.

नमुना हाती आल्यावर पहिले काम ग्रॅम रंजनाचे, म्हणजे जीवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे. काचपट्टीवर जीवाणूंची गर्दी दिसते आणि दुसऱ्या दिवशी उघड्या हवेत ठेवलेली संवर्धनाची प्लेट कोरी निघते, तेव्हा संशयाची सुई ॲनारोबकडे वळते. पुवाला घाण वास असेल तर ती आधीच वळलेली असते. विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनविरहित, वाढीसाठीच्या प्लेटमध्ये रक्ताबरोबर हेमिन हे लोहयुक्त द्रव्य आणि के जीवनसत्त्व घालतात. प्लेट हवाबंद बरणीत किंवा हातमोजे बसवलेल्या विनॉक्सी कक्षात ठेवतात. कक्षातले वायुमिश्रण साधारणपणे ८५ टक्के नायट्रोजन, १० टक्के हायड्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असे असते. चुकून शिरलेला ऑक्सिजन पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजनशी संयोग पावून पाणी होतो. बरणी ४८ तासांच्या आत उघडायची नाही, हा जुना दंडक. जोमाने वाढत असताना हे जीवाणू हवेला सर्वांत हळवे असतात आणि नवशिक्याची उत्सुकता नेमकी त्याच वेळी अनावर होते.

नंतर दिसते ते मात्र वाट पाहायला लावण्यासारखेच असते. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस पित्त आणि एस्क्युलिन घातलेल्या माध्यमावर काळपट होत वाढतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सच्या वसाहतीभोवती, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या ठिपक्याभोवती, रक्त विरघळल्याची दोन वलये उमटतात, आतले स्वच्छ आणि बाहेरचे अंधूक. पॉर्फिरोमोनास आणि प्रिव्होटेला यांच्या काही जातींच्या वसाहती अतिनील दिव्याखाली विटकरी लाल चमकतात. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलच्या प्लेटला घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो. तो पॅरा-क्रेसॉल या संयुगाचा. वसाहत खरोखर ॲनारोबची आहे का, हे तिचा अंश उघड्या हवेत लावून पडताळावे लागते. पूर्वी ओळख पटवण्यासाठी जीवाणूने तयार केलेली मेदाम्ले वायुवर्णलेखनाने मोजत. आता मॅल्डी-टॉफ यंत्र प्रथिनांच्या वस्तुमानावरून काही मिनिटांत नाव सांगते. त्यासाठीही वाढलेली वसाहत लागतेच.

हवा ॲनारोबांना का मारते, याचे उत्तर अजून एका वाक्यात देता येत नाही. ऑक्सिजनपासून पेशीत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी विघातक द्रव्ये बनतात. ती निष्प्रभ करणारी विकरे ॲनारोबांकडे नसतात, असे स्पष्टीकरण १९७१मध्ये मांडले गेले. पण पुढे अनेक ॲनारोबांत ती विकरे सापडली. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस तर हवेत बराच काळ तग धरतो, फक्त वाढत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पोटातल्या गळवांत तोच वारंवार भेटतो, यामागे हा चिवटपणाही आहे.

विषयाची सुरुवात लुई पाश्चर यांच्यापासून होते. १८६१मध्ये ब्युटिरिक किण्वनाचा अभ्यास करताना हवा लागताच निपचित पडणारे जीवाणू त्यांना दिसले. १८८९मध्ये कितासातो शिबासाबुरो यांनी धनुर्वाताचा जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवला, १८९७मध्ये एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी बॉट्युलिझम या विषबाधेचा जीवाणू वेगळा काढल्याचे प्रसिद्ध केले. याच दशकात व्हेयाँ आणि झ्युबेर यांनी आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) दाहातल्या पुवात ॲनारोबच प्रामुख्याने असतात असे दाखवले होते. या शोधाकडे पुढे अनेक दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. आतड्यातला जीवाणू म्हटला की १८८५मध्ये एशरिक यांनी वर्णिलेला ई. कोलायच आठवायचा. वास्तविक मोठ्या आतड्यात त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. तो प्रसिद्ध झाला, कारण तो उघड्या हवेत सहज वाढतो.

कोंडी फुटली ती गुरांच्या पोटातून. रॉबर्ट हंगेट यांनी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जीवाणू वाढवण्यासाठी, ऑक्सिजनमुक्त वायूने भरलेल्या नळीच्या आतल्या अंगाला माध्यमाचा पातळ थर देण्याची पद्धत १९५०च्या सुमारास काढली. तिचा आधार घेऊन व्हर्जिनियात मूर आणि होल्डमन यांनी माणसाच्या आतड्यातल्या जातींची मोजदाद केली. लॉस अँजेलिसमध्ये सिडनी फाइनगोल्ड (१९२१–२०१८) यांनी रुग्णांच्या नमुन्यांसाठी हे शास्त्र व्यवहारात आणले. फाइनगोल्डिया, होल्डमेनिया, मूरेला, हंगेटेला ही आज जीवाणूंच्या प्रजातींची नावे आहेत.

या विषयातला एक प्रयोग आवर्जून सांगावा असा आहे. १९७०च्या दशकात संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत आतड्यातल्या द्रव्याची कॅप्सूल ठेवून फुटलेल्या आंत्रपुच्छासारखी स्थिती निर्माण केली. सुरुवातीच्या दिवसांत बरेच उंदीर दगावले. जे वाचले त्यांच्या पोटात नंतर गळवे झाली. जेंटामायसिन हे प्रतिजैविक दिले तर मृत्यू घटले, पण गळवे तशीच राहिली. क्लिंडामायसिन हे दुसरे प्रतिजैविक दिले तर गळवे जवळजवळ नाहीशी झाली, मृत्यू मात्र घटले नाहीत. दोन्ही एकत्र दिल्यावर दोन्ही संकटे टळली. पहिला तडाखा ई. कोलायसारख्यांचा, गळू ॲनारोबांचे. जेंटामायसिनला पेशीत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, म्हणून ॲनारोबांवर ते निष्प्रभ ठरते. पोटातल्या संसर्गावर दोन्ही गटांना पुरे पडणारे उपचार देण्याची रीत यातूनच रुजली.

मेट्रोनिडॅझोलची कथा अधिक योगायोगाची. ते ट्रायकोमोनास या आदिजीवावरचे औषध. ते घेणाऱ्या एका स्त्रीच्या हिरड्यांचा दाहही बरा झाल्याची नोंद १९६२मध्ये झाली आणि ॲनारोबांवर हुकमी औषध सापडले. त्याची एक किंमत शाखेने मोजली. औषध अंदाजाने दिले तरी चालते म्हटल्यावर संवर्धनाचा खटाटोप कोण करणार? अनेक रुग्णालयांनी तो आटोपता घेतला. मात्र मेट्रोनिडॅझोलला दाद न देण्यास मदत करणारी ‘निम’ नावाची जनुके आणि कार्बापेनेम गटातली प्रतिजैविके मोडणारे सीएफआयए जनुक बॅक्टेरॉइड्समध्ये आढळू लागल्यावर अंदाजाचा भरवसा उरला नाही.

शाखेला पुन्हा उजेडात आणले ते डिफिसिलने. १९३५मध्ये हॉल आणि ओटूल यांना तो धडधाकट नवजात बालकांच्या विष्ठेत सापडला होता. वाढवायला अवघड, म्हणून हे नाव. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या आतड्याच्या गंभीर दाहामागे त्याचेच विष आहे, हे १९७८मध्ये स्पष्ट झाले. प्रतिजैविकाने आतड्यातले इतर रहिवासी हटले की त्याला मोकळे रान मिळते. मग ते रहिवासीच परत का आणू नयेत? आइझमन आणि सहकाऱ्यांनी १९५८मध्येच, डिफिसिलचा संबंध कळण्याआधी, अशा दाहाच्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा बस्ती देऊन गुण आल्याचे नोंदवले होते. २०१३च्या डच चाचणीत वारंवार उलटणाऱ्या डिफिसिलचे १६पैकी १३ रुग्ण अशा पहिल्याच उपचाराने बरे झाले; नुसत्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकावर १३पैकी ४. चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

दरम्यान जनुकवाचनाने आतड्यातल्या वस्तीचे चित्र पालटले. २०१६च्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी असतात. जीवाणू दहापट असतात हे जुने विधान त्यामुळे मोडीत निघाले, तरी लोकप्रिय लेखनात ते अजून सुखेनैव फिरते. जनुकवाचन नाव सांगते, पण त्या जीवाणूवर कोणते औषध चालेल हे खात्रीने सांगायला तो जिवंत हाती हवा. २०१२मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या गटाने २१२ वेगवेगळ्या परिस्थितींत विष्ठेचे नमुने वाढवून ३४० जीवाणू-जाती मिळवल्या आणि ‘न वाढणारे’ पुष्कळसे जीवाणू फक्त न वाढवलेले होते, हे दाखवून दिले.

आता नवे काम येते आहे ते विष्ठारोपणाच्या, म्हणजे निरोगी दात्याची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या, बाजूने. २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की विष्ठारोपणातून औषधरोधक ई. कोलाय दोन रुग्णांना लागला आणि त्यांतला एक दगावला. तेव्हापासून दात्याच्या तपासणीचे निकष कडक झाले. २०२२मध्ये गुदमार्गे देण्याच्या आणि २०२३मध्ये तोंडाने घेण्याच्या जीवाणू-औषधाला तिथे मान्यता मिळाली. तोंडाने घेण्याच्या औषधात दात्याच्या विष्ठेवर इथेनॉलची प्रक्रिया करून फक्त बीजाणू, म्हणजे जीवाणूंची चिवट सुप्त रूपे, उरू देतात; बीजाणू न करणारे जीवाणू त्यात मरतात.