मचवा

मचवा : कोकण व दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरील लहान ते मध्यम आकाराची, शिडावर चालणारी लाकडी नौका. पुढे लांब झुकलेली नाळ (नौकेचे पुढचे टोक), मागे रुंद होत गेलेले अंग, बहुधा एकच डोलकाठी आणि तिरक्या परबाणाला (शीड ज्यावर बांधतात त्या आडव्या वाशाला) बांधलेले एक मोठे शीड ही तिची ढोबळ ओळख. मासेमारी, उतारूंची ने-आण आणि खाड्यांतून होणारी किरकोळ मालवाहतूक हे तिचे मुख्य उपयोग. हल्ली इंजिनाच्या लाकडी लाँचलाही सर्रास मचवा म्हणतात. या नोंदीत शिडाचा मचवा अभिप्रेत आहे.

नाव : ‘मचवा’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. एक मत त्याचा संबंध मत्स्याशी जोडते. मचवा म्हणजे मच्छीमारीची होडी. गुजरातीत हाच शब्द ‘मछवो’ असा महाप्राण उच्चारला जातो, ही या मताची जमेची बाजू. मराठीपुरते पाहिले तर मात्र अडचण येते. वत्सापासून वासरू झाले तसा मत्स्यापासून मासा झाला. म्हणजे मराठीच्या स्वतःच्या वळणात येथे ‘स’ अपेक्षित आहे, ‘च’ नव्हे. तेव्हा शब्द गुजरातीतून किंवा हिंदीतून आला असे तरी मानावे लागते. दुसरे मत ‘मंच’ या शब्दाकडे बोट दाखवते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील पोर्तुगीज लेखनात पश्चिम किनाऱ्यावरील हलक्या नौकेसाठी ‘मांशुआ’ हा शब्द वारंवार येतो. यूल व बर्नेल यांच्या १८८६ सालच्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तो मल्याळम ‘मंजी’ या नौकेच्या नावाशी जोडलेला आहे, तर मचव्याची नोंद वेगळी ठेवली आहे. मंचापासून माचा आणि गडाची माची हे शब्द मराठीत अनुस्वार गाळूनच आले आहेत, त्यामुळे मंच–मचवा हा मार्ग ध्वनिदृष्ट्या अधिक सुकर वाटतो. मात्र मंच म्हणावे असे उंच फळ्यांचे बैठे काम साध्या मचव्यावर क्वचितच असते, हा आक्षेप उरतोच.

इतिहास : मराठ्यांच्या आरमाराचे वर्णन करणाऱ्या बखरींतील आणि त्यांवर आधारलेल्या इतिहासग्रंथांतील याद्यांत मचवा हा गुराब, गलबत, शिबाड, तरांडे या इतर नौकाप्रकारांच्या सोबतीने येतो. या याद्या नावांच्या आहेत, मापांच्या नाहीत. त्यामुळे सतराव्या शतकातील मचवा आजच्यासारखाच होता असे त्यांवरून म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात सरकारी अधिकाऱ्यांच्या फेरफटक्यासाठी व तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बंदर बोटी’ याच घराण्यातल्या असाव्यात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) आरमारासाठी लाकूड कोठून घ्यावे याची चर्चा आहे. रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, हा त्यातील प्रसिद्ध भाग.

शिडाचा प्रश्न : मचव्याचे शीड पूर्ण त्रिकोणी नसते. पुढचे टोक छाटल्यासारखे असल्यामुळे त्याला चौथी, आखूड बाजू येते. असे तिरके शीड हिंदी महासागरात केव्हा आले याबद्दल दीर्घ वाद आहे. ते अरबांचे असून त्यांच्याकडून भूमध्य समुद्रात गेले, असे जुने अभ्यासक मानत. पण भूमध्य समुद्राच्या परिसरात इ. स. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे एक थडग्यावरील शिल्प आणि तुर्कस्तानातील केलेंदेरिस येथील पाचव्या-सहाव्या शतकांतील फरसबंदीचे चित्र यांत तिरकी शिडे दिसतात. म्हणजे इस्लामी विस्ताराच्या आधीच ती तेथे होती. त्यामुळे आज कल भूमध्य उगमाकडे आहे. काहींनी तर पोर्तुगीजांबरोबरच हे शीड आपल्या किनाऱ्यावर आले असेही सुचवले आहे. ते जरा घाईचे वाटते.

आपल्याकडचा दृश्य पुरावा तुटपुंजा आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील जहाजावर तीन डोलकाठ्यांना उंच चौकोनी शिडे आहेत. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर (सु. अकरावे ते तेरावे शतक) वल्ह्यांच्या रांगा व डोलकाठ्या कोरल्या आहेत, पण शिडाचा आकार ठरवण्यास त्यांचा उपयोग होत नाही. दोहोंच्या मध्ये आणि नंतर काय घडले, हे आखाती व्यापाराच्या अंगाने तपासणे जास्त फलदायी ठरेल.

बांधणी व चालवणे : पठाण, म्हणजे नौकेचा कणा, सागाचा असतो. काही मचव्यांत आणि फत्तेमारी या मालवाहू नौकांत तो मधोमध किंचित वर उचललेला असे. त्यामुळे पुढचा भाग पाण्यात खोल बसून वाऱ्याच्या तोंडावर जाताना नौका बाजूला सरकत नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते. डोलकाठी पुढे कललेली असते. परबाण एकाच लाकडाचे क्वचित. दोन-तीन वासे दोरीने आवळून ते केलेले असते आणि पुष्कळदा खुद्द नौकेहून लांब भरते. बूड जड राहावे म्हणून दगडांचे नीरम (तळाशी ठेवायचे वजन) भरतात.

दिशा बदलणे हे खरे कसब. परबाण डोलकाठीच्या एका अंगाला असल्यामुळे नुसते सुकाणू दाबून भागत नाही. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, नौका वाऱ्याकडे पाठ करून वळवतो. त्या क्षणी दामण (शीड ताणून धरणारी दोरी) सोडतात, शीड फडफडू लागते. दोघे-तिघे खलाशी परबाणाचे खालचे टोक डोलकाठीकडे ओढून ते जवळजवळ उभे करतात, शीड डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगाला नेतात आणि दामण पुन्हा ताणतात. यात जरा उशीर झाला की शीड डोलकाठीला चिकटते आणि नौका धोकादायक कलते. म्हणूनच शक्यतो कमी वेळा वळायचे आणि वाऱ्याची वेळ साधायची, अशी येथली रीत पडली. ऑक्टोबर ते मे या काळात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. मतलईवर बाहेर पडावे आणि खाऱ्यावर घरी यावे, हे मासेमारीचे वेळापत्रक वाऱ्यानेच आखून दिले आहे.

मालकी व निगा : मचवा कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी अशा किनारी समाजांत घरचा असे. उत्पन्नाचे वाटे पडत. माणसांबरोबर नौकेचाही वाटा निघे आणि डागडुजी त्यातून होई. तो वाटा चैनीचा नव्हता हे निगेच्या कामावरून कळते. लाकूड पोखरणारा समुद्री किडा बुडाला लागतो, शंखशिंपले चिकटून वेग मारतात. म्हणून उधाणाच्या भरतीला मचवा वर घ्यायचा, ओहोटीत एका कुशीवर कलवून बूड खरवडायचे, फटींत कापूस ठोकून राळ-तेल भरायचे आणि वरून माशाचे किंवा उंडीचे तेल चोपडायचे. पुढच्या भरतीच्या आत एक कूस आटोपली पाहिजे. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, म्हणून गोदीवाचून हे जमते. पावसाळ्यात शीड व परबाण उतरवून नौका झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून ती पुन्हा पाण्यात लोटली जाई.

सद्यःस्थिती : १९५० नंतरच्या दशकात मुंबई राज्यात मासेमारी नौकांना इंजिने बसवली जाऊ लागली. सातपाटी, वसई, वर्सोवा येथील रुंद अंगाच्या मचव्यांत फारसा फेरफार न करता इंजिन बसत असल्याने बदल झपाट्याने झाला. आधी शीड जोडीला राहिले, मग डोलकाठी आखूड झाली, शेवटी ती जाळे उचलण्यापुरती उरली. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये मचव्याचे नाव तेवढे टिकले आहे. मुरूडजवळ राजापुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याकडे पर्यटकांना नेणाऱ्या शिडाच्या होड्यांत मात्र तिरके परबाण अजून पाहायला मिळते. किल्ल्याच्या दरवाजाशी उतरणे लाटांमुळे अवघड असते, तेव्हा शीड सोडून खलाशी होडी हाताने धरून ठेवतात.