कुलाब्यात 73, सांताक्रुझला 944

26 जुलै 2005 च्या पावसाचे हे दोन आकडे, चोवीस तासांतले, मिलिमीटरमध्ये. दोन्ही ठिकाणांत अंतर पंचवीसेक किलोमीटर. कुर्ला-कलिन्यात घरं पाण्याखाली गेली, तेव्हा कुलाब्यात नेहमीचाच पावसाळी दिवस होता. तोवर ज्याला सगळे नाला म्हणत, ती मिठी नावाची नदी आहे हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी कळलं.

संकट लांबचं वाटतं म्हणजे नेमकं काय होतं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. नीरा लिबरमन आणि याकोव्ह ट्रोप यांनी 1998 मध्ये दाखवलं की लांबच्या गोष्टीचा विचार करताना मन ‘कशासाठी’वर रेंगाळतं, जवळ आली की ‘कसं जमणार’वर येतं. लग्न वर्षावर असताना सगळे ‘थाटात करू’ म्हणतात; आठवडा उरला की मांडववाला आणि गॅस सिलिंडर आठवतात. पुढे त्यांच्याच 2010 च्या मांडणीत या अंतराच्या चार बाजू आल्या: काळ, जागा, माणसं (आपली की परकी) आणि घडण्याची शक्यता.

म्हणजे लांबचं संकट धूसर वाटायला हवं. पर्यावरणाच्या बाबतीत मात्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड उझेल यांना 2000 मध्ये काहीसं उलटं दिसलं. लोकांना जगाची पर्यावरणस्थिती गंभीर वाटत होती, आपल्या भागाची त्या मानाने बरी. त्यांनी याला डोळ्यांच्या विकाराचं, दूरदृष्टिदोषाचं नाव दिलं, ज्यात लांबचं स्पष्ट आणि जवळचं धूसर दिसतं. (आपल्याकडे दूरदृष्टी हे कौतुक, इथे आजार.) शिवाय जबाबदारी वाटते ती गल्लीपुरती, जगाचा प्रश्न आला की ‘आपल्या हातात काय आहे?’

मग ‘हवामानबदल जवळ आणून दाखवा’ हा सल्ला रूढ झाला. तो मला कायमच जरा सोपा वाटत आलाय. ब्रिटनमधल्या ज्या पाहणीचा (स्पेन्स आणि सहकारी, 2012) त्यासाठी दाखला देतात, तिच्यात अंतर कमी तशी चिंता जास्त, हे खरंच आढळलं होतं. पण दूरच्या गरीब देशांना मोठा फटका बसेल असं मानणारेही स्वतः काही करायला अधिक तयार होते. 2015 मध्ये ब्रुगर आणि सहकाऱ्यांनी बजावलं की जवळ आणल्याने लोक हलतीलच असं नाही, काही जण घाबरून पाठ फिरवतात. 2023 मध्ये तर नेदरलँड्सच्या संशोधकांनी, हवामानबदल लोकांना लांबचा वाटतो हे गृहीतकच फुगवलेलं आहे, असं मांडलं.

मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाच्या आहेत, ती क्षमता 50 करा, असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल महापालिकेकडे 1993 पासून होता. त्याला वेग आला 2005 च्या पुरानंतर. त्यातली हाजी अली, ईर्ला ही पंपिंग स्टेशनं पुढे उभी राहिली. माहुल आणि मोगरा वर्षानुवर्षं रखडली.