धोंडा दर तीन वर्षांनी येत नाही

इंदूरच्या रामबागेत जावयाच्या अनारशांसाठी तांदूळ भिजत पडले, की कुणीतरी म्हणतंच, "तीन वर्षांनी येतो बाई धोंडा!" धोंडा, म्हणजे अधिकमास, दर तीन वर्षांनी येतो, हे बरोबर नाही. २०१८चा अधिक ज्येष्ठ मे महिन्यात लागला आणि पुढचा अधिक आश्विन सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे २८ महिन्यांतच. त्यानंतरचा अधिक श्रावण जुलै २०२३ मध्ये, ३४ महिन्यांनी. दोन्ही वेळी तीन वर्षं भरलीच नाहीत.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५चं. दरसाल ११ दिवसांची तूट साचते. पण ती भरायला वर्षं मोजत नाहीत. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत, म्हणजे पुढच्या राशीत प्रवेश, पडत नाही, तो अधिक. १९ वर्षांत असे साधारण ७ येतात.

इंदुरात आणखी एक गोंधळ होतो. शेजारच्या हिंदी घरांत सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून त्यांचा अधिकमासही आधी असणार, असं आपण धरून चालतो. तसं मुळीच नाही. त्यांचा पुरुषोत्तम मास आणि आपला धोंडा एकाच प्रतिपदेला सुरू होतो, एकाच अमावास्येला संपतो. २०२६चा अधिक ज्येष्ठ दोन्हीकडे १७ मेलाच.