पार्श्वभूमी: योनीमुखाचे कॅन्सरआधीचे चट्टे आणि व्हीआयएनचा नंबर

मागच्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याकडच्या एक काकी ओपीडीत आल्या, पिशवीत दोन बायोप्सी रिपोर्ट, जुन्यावर व्हीआयएन १ आणि नव्यावर डिफरन्शिएटेड व्हीआयएन (व्हीआयएन म्हणजे योनीमुखाच्या कातडीच्या थरांत होणारे, कॅन्सरआधीचे म्हणून धरलेले बदल). "आता नंबर नाय, म्हणजे गेला मां?" गेला कुठला, उलट जास्त काळजीचं होतं.

ल्युकोप्लाकिया, क्रॉरोसिस वगैरे जुनी नावं सोडून देऊ, एकाच चट्ट्याला तिघं तीन नावं द्यायचे. १९८६ मध्ये तज्ज्ञमंडळींनी सरसकट व्हीआयएन म्हणायचं ठरवलं आणि १, २, ३ अशा पायऱ्या लावल्या. या पायऱ्या गर्भाशयमुखाच्या आजारावरून उचललेल्या, इथे १ चा २ आणि २ चा ३ होत जातो याला धड पुरावाच नव्हता. त्यात डिफरन्शिएटेड प्रकार म्हणजे वरचे थर दिसायला अगदी शहाणे आणि गडबड सगळी तळाच्या थरात, नियमात तो ३ मध्ये धरलेला पण स्लाइडवर बघणारा बऱ्याचदा १ लिहून मोकळा किंवा नुसती सूज म्हणून सोडून द्यायचा. २००४ ला १ नंबर काढूनच टाकला, २-३ एकत्र करून यूज्वल टाइप केला आणि डिफरन्शिएटेड वेगळा. हे आधीच करायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत. २०१५ ला परत नावं बदलली, एलसिल (कमी दर्जाचा बदल, जुना १) आणि एचसिल (वरच्या दर्जाचा, जुना यूज्वल टाइप), डिफरन्शिएटेड वेगळाच राहिला, म्हणजे १ नंबर मागल्या दाराने आलाच, फक्त हा कॅन्सरपूर्व नाही, उगाच कापू नका अशी तंबी देऊन.

एचसिल एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, बहुतेकदा त्याच्या १६ नंबरच्या प्रकारामुळे, आणि त्या मानाने तरुण बायकांत. डिफरन्शिएटेडचा एचपीव्हीशी संबंध नाही, तो पाळी गेल्यावर, बरेचदा लायकेन स्क्लेरोसस या खाजेच्या कातडीच्या आजाराच्या जुन्या पांढऱ्या चट्ट्यावर येतो, प्रमाणाने कमी पण कॅन्सरकडे जास्त वेळा आणि लवकर जातो. म्हणजे एचपीव्हीची लस पहिल्यालाच अडवते. दुसऱ्यासाठी लायकेनवर स्ट्राँग स्टेरॉइडचं मलम नियमित लावत राहणं, त्याने धोका कमी होतो. पण आमच्याकडे पांढरं दिसलं की कोड आलं म्हणून घरात चकार शब्द नाही, खोबरेल लावायचं आणि खाज अंगावर काढायची.

काकींना गोव्याला पाठवलं, तेवढा भाग काढला, मलम चालू आहे आणि दर काही महिन्यांनी तपासायला येतात.