डोलकाठीसाठी वसाहत

२६ जानेवारी १७८८ रोजी आरमारी अधिकारी आर्थर फिलिपने सिडनीच्या खाडीकाठी ब्रिटिश झेंडा रोवला. आठ महिन्यांचा प्रवास करून आलेल्या त्याच्या अकरा जहाजांत सातशेहून अधिक कैदी होते. ब्रिटन १७१८ पासून आपले कैदी अमेरिकेत धाडत असे. अमेरिकेने बंड केलं, ती वाट बंद झाली आणि थेम्स नदीत नांगरलेल्या मोडक्या जहाजांवर कैदी कोंबावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीचं हे नेहमी सांगितलं जाणारं कारण, आणि ते खोटं नाही. पण नुसते कैदी टाकायला कुणी अर्ध्या जगाला वळसा घालतं का?

फिलिपला मिळालेल्या हुकमात आणखी एक कलम होतं: पूर्वेला समुद्रात असलेलं नॉरफोक बेट लवकरात लवकर ताब्यात घ्या, दुसऱ्या कुणी घेण्याआधी. या निर्जन बेटावर १७७४ मध्ये कॅप्टन कुक उतरला होता. सरळसोट, प्रचंड उंच पाइन आणि वाख (दोरा-कापडासाठीचा धागा) देणाऱ्या फ्लॅक्स या झुडपाची रानं त्याने तिथे पाहिली होती. डोलकाठ्या आणि शिडांचं कापड, दोन्ही एकाच जागी!

आरमाराला याचं एवढं अप्रूप का, हे डोलकाठीचं काम पाहिलं की कळतं. जहाजाचा सांगाडा ओकचा चालतो, डोलकाठी नाही. शिडांत वारा भरला की डोलकाठीवर प्रचंड ताण येतो. तिने वाकून पुन्हा सरळ व्हायला हवं, मोडता कामा नये. त्यासाठी लांब, सरळ धाग्याचं, कमी गाठींचं, राळ टिकून राहिलेलं लाकूड लागतं. मोठ्या युद्धनौकेची मुख्य डोलकाठी बुडाशी जवळजवळ तीन फूट जाड असे. इंग्लंडमध्ये असं झाड मिळणं मुश्कील. बाल्टिक किनाऱ्यावरून आणायचं, तर वाटेतली सामुद्रधुनी डेन्मार्कच्या हातात. म्हणून न्यू इंग्लंडमधल्या पांढऱ्या पाइनवर भिस्त होती. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतच, खाजगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरचं चोवीस इंचांहून जाड झाड राजाचं, असं लिहिलेलं होतं. खुणेसाठी अशा झाडांवर कुऱ्हाडीने बाण कोरत. ज्या बंडाने कैद्यांची वाट अडवली, त्यानेच हे रानही ब्रिटनच्या हातून घालवलं.

कैदी की लाकूड, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मला वाटतं, कैद्यांनी घाई लावली, पण जागा निवडताना आरमाराची गरजही तोलली गेली.

मार्च १७८८ मध्ये आर्थर फिलिपने धाडलेला अधिकारी फिलिप गिडली किंग नॉरफोकवर उतरला आणि हिशेब कोसळला. ते झाड खरं पाइन नव्हेच, अरौकेरिया कुळातलं. त्याच्या फांद्या ठरावीक अंतराने, एकाच पातळीवर चहूबाजूंनी फुटतात, त्यामुळे खोडात जागोजागी गाठींचं कडं तयार होतं. बाहेरून देखणं, पण ताण आला की कडकन मोडणारं. फ्लॅक्सही युरोपातलं नव्हतं. त्याचा वाख खोडात नसून पानांत असतो आणि तो सोडवायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग १७९३ मध्ये टुकी आणि हुरू या दोन माओरी पुरुषांना न्यूझीलंडहून चक्क पळवून आणलं. एक पुरोहिताचा मुलगा, दुसरा सरदार घराण्यातला. त्यांनी सांगितलं, हे बायकांचं काम, आम्हाला फारसं येत नाही. अखेर किंगच त्यांना घरी सोडायला गेला. १८१४ मध्ये बेटावरची ती वस्ती उठवण्यात आली.

जहाजबांधणीच्या लाकडाची टंचाई काही अंशी मुंबईने भागवली. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जहाजं बांधली जात होती. सागात तेलाचा अंश असतो, त्यामुळे तो सहसा कुजत नाही, आणि ओकइतका लोखंडी खिळ्यांना गंजवतही नाही. १८१३ मध्ये इथेच ‘कॉर्नवॉलिस’ ही ७४ तोफांची युद्धनौका तयार झाली. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनमधल्या नानकिंगजवळ तिच्यावरच चीनने तहावर सह्या केल्या आणि हाँगकाँग ब्रिटिशांना देऊन टाकलं.