मानेतील कृत्रिम चकती आणि उसन्या पथ्यांचा इतिहास

मानेतील चकती, म्हणजे दोन मणक्यांमधील गादी, बदलून कृत्रिम बसवल्यानंतर गळपट्टा किती दिवस लावायचा, गाडी कधी चालवायची, वजन कधी उचलायचे, या प्रश्नांना दोन शल्यचिकित्सक सहसा एकच उत्तर देत नाहीत. याचे एक कारण असे की, ही पथ्ये मुळात दुसऱ्याच शस्त्रक्रियेसाठी ठरलेली होती.

१९५०च्या दशकात अमेरिकेत रॉबिन्सन व स्मिथ यांनी आणि त्यांच्या पाठोपाठ क्लॉवर्ड यांनी गळ्याच्या पुढच्या बाजूने खराब चकती काढून, तिच्या जागी हाडाचा तुकडा बसवून दोन मणके सांधण्याची पद्धत रूढ केली. हाड जुळून येण्यास काही महिने लागतात आणि तोवर मान हलली तर सांधा कच्चा राहण्याची भीती असते. म्हणून गळपट्टा आणि दीर्घ विश्रांती हा उपचाराचाच भाग ठरला. पुढे १९९९ मध्ये हिलिब्रँड व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सांधलेल्या मणक्यांशेजारच्या भागात दरवर्षी सुमारे २.९ टक्के रुग्णांना नव्याने त्रास सुरू होतो. हा त्रास सांधण्यामुळे होतो की मूळच्या झिजेमुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र हालचाल टिकवणाऱ्या चकतीच्या शोधाला त्यातून मोठे बळ मिळाले.

तो शोध अर्थात आधीच सुरू झाला होता. स्वीडनचे फर्नस्ट्रम यांनी मणक्यांमध्ये पोलादी गोळ्या बसवून पाहिल्या, पण त्या हाडात रुतत गेल्या. इंग्लंडमधील ब्रिस्टॉल येथे कमिन्स यांनी घडवलेल्या धातूच्या सांध्यातूनच पुढे ‘प्रेस्टीज’ ही चकती विकसित झाली आणि २००७ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. ५४१ रुग्णांवरील तिच्या चाचणीत चकती बदललेले रुग्ण मणके सांधलेल्यांपेक्षा १६ दिवस आधी कामावर परतले.

कृत्रिम चकती बसवताना हाड जुळण्याची वाट पाहायची नसते. उलट मान हलती ठेवणे हाच शस्त्रक्रियेचा हेतू असतो. त्यामुळे अनेक ठिकाणी गळपट्टा काही दिवसांपुरता उरला किंवा गेलाच. तरी सुरुवातीचे काही आठवडे जड वजन उचलण्यास आणि मानेला झटके देण्यास मनाई असते, कारण चकतीच्या खडबडीत पृष्ठभागांना मणक्यांची पकड बसायला वेळ लागतो. गाडी चालवण्याचा निर्णय चकतीपेक्षा रुग्णावर अधिक अवलंबून असतो: गुंगी आणणारी वेदनाशामके बंद झालेली हवीत आणि मान वळवून मागे पाहता आले पाहिजे.